दुसऱ्या कंपनीची चाकं बसतात, पण भार कोण घेतो?

वणीकडच्या एका भाऊंनी विचारलंय. त्यांच्याकडे रिमोटवर चालणारी १/१० ची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची) इलेक्ट्रिक बगी आहे, फोर व्हील ड्राइव्ह, मधून शाफ्ट गेलेली. मागचे दोन्ही टायर टकले झालेत आणि एका मागच्या रिमचा हेक्स (ॲक्सलची पकड बसते तो सहा बाजूंचा खड्डा) आतून गोल झालाय. कंपनीची चाकं मिळत नाहीत, मिळाली तर पार्सलला महिना सांगतात. मित्राकडे शॉर्ट कोर्स ट्रकची (बगीपेक्षा मोठ्या चाकांची रिमोटवरची गाडी) चार चाकं पडून आहेत, तीही १२ मिमी हेक्सचीच. ‘हेक्स सेम आहे, तर टाकून देऊ का? आणि पुढेमागे पिनियन, सर्वो, शॉक दुसऱ्या कंपनीचे टाकले तर चालतील का?’ (पिनियन म्हणजे मोटरवरचा लहान गिअर, सर्वो म्हणजे स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर.)

चाकं बसतील. उद्या सकाळी दहा मिनिटांत बसतील. पण मी टाकणार नाही. का, ते सांगायला जरा लांबण लावावी लागेल.

आधी माझं थोडं. आर्वीला माझी लेथ आहे, बावीस वर्षं झाली. दिवसभर थ्रेशरचे शाफ्ट, रोटाव्हेटरचे बुश, ट्रॅक्टरच्या पिना. भाचा एकदा मोडकी बगी घेऊन आला, मामा हा ॲक्सल बनवून दे म्हणून, तेव्हापासून मीच अडकलो. आता आम्ही सहा-सात जण रविवारी पडीत वावरात चालवतो. त्यामुळे सांगतो ते टर्नरच्या नजरेतून आहे. रेसिंगमधले मोठे खेळाडू काही ठिकाणी वेगळं सांगतील, सांगू देत.

तुमचा प्रश्न ‘बसेल का’ असा आहे. दुकानात रोज हाच प्रश्न येतो. रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टला (ट्रॅक्टरचा जोर पोचवणाऱ्या दांड्याला) एक शिअर बोल्ट असतो. दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. शेतकरी दोनदा तुटला की वैतागतो आणि मला म्हणतो, दादा, यात कडक बोल्ट टाकून दे. कडक बोल्ट मस्त बसतो. मग पुढच्या दगडाला गिअरबॉक्सच फुटतो. तुमच्या बगीतही असंच आहे. चाक, हेक्स, पिन, ॲक्सल, डॉगबोन (ॲक्सलला फिरवणारी दांडी), डिफ (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरसंच), मधला शाफ्ट, स्पर (पिनियनने फिरणारा मोठा गिअर), पिनियन, मोटर अशी साखळी आहे. बनवणाऱ्याने त्या चाकाचं वजन आणि व्यास धरून ठरवलेलं असतं की मार लागला तर आधी कुठली कडी जाईल. बहुतेक वेळा ती स्वस्त कडी असते, रिमचा प्लास्टिकचा हेक्स किंवा पिन. तुम्ही चाक बदललं की तुटण्याची जागा सरकते. कुठे सरकली ते बघायचं, एवढंच काम आहे.

काही गोष्टी तुमच्या गाडीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिल्या नाहीत. मोटर साधी ब्रश्ड ५४० आहे की ब्रशलेस, बॅटरी टू-एस (दोन सेलची) की थ्री-एस (तीन सेलची), डिफचे गिअर प्लास्टिकचे की धातूचे. साधी मोटर आणि टू-एस असेल तर खालच्या बऱ्याच चुका गाडी पचवते. ब्रशलेस आणि थ्री-एस असेल तर एकही पचवत नाही.

आता मापं. हेक्स म्हणजे ॲक्सलवरचा सहा बाजूंचा तुकडा, ज्यावर चाकाचा मागचा खड्डा बसतो. तो समोरासमोरच्या सपाट बाजूंवर मोजायचा, कोपऱ्यावर नाही. १२ मिमीच्या हेक्सचं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माप १३.८६ येतं. आमच्यातल्या एका पोट्ट्याने पट्टीने कोपरे मोजले, १४ समजला आणि १४ मिमीची चाकं मागवली. १४ चा हेक्सही बाजारात असतो, त्यामुळे दुकानदारानेही काही विचारलं नाही. व्हर्निअर घ्या, प्लास्टिकचं डिजिटल असलं तरी चालतं. आणखी एक. गाडीचा स्केल बघून हेक्स ठरवू नका. डब्ल्यूएलटॉइजची १४४००१ ही १/१४ ची गाडी आहे, तिचाही हेक्स १२ चा. १/८ बगीला मात्र १७ मिमीचा हेक्स असतो, आणि त्याच्या मोठ्या नटांतही १२ मिमीला १ आणि १.२५ असे दोन पिचचे आटे येतात. एकमेकांवर दोन फेरे चढतात आणि मग अडकतात.

१२ ला १२ जुळलं म्हणजे झालं असंही नाही. हेक्स हातात घ्या, नवीन रिमच्या खड्ड्यात दाबा आणि डावी-उजवीकडे फिरवून बघा. बोटाला टकटक जाणवली तर ढील जास्त आहे. ब्रेक आणि थ्रॉटल एकामागून एक मारला की तेवढ्या ढिलाईत हेक्स हातोड्यासारखा आपटतो. तुमचा जुना रिम बहुतेक असाच गोल झालाय. नट पूर्ण आवळला नव्हता, किंवा नायलॉकचं (आत नायलॉनची रिंग असलेल्या नटाचं) नायलॉन संपलं होतं. एकच नट वर्षभर काढत-घालत राहिलं की ते होतं. नायलॉक नट पाच रुपयांचा आहे, दर दोन-तीन महिन्यांनी बदला.

नटाचं अजून एक आहे, आणि हे मी जवळून बघितलंय म्हणून सांगतो. १/१० ला सहसा ॲक्सल ५ मिमी, टोकाला ४ मिमीचे आटे आणि ७ चा पाना. दुसऱ्या कंपनीच्या रिमची मधली भिंत जाड असली की नट आट्यांच्या टोकालाच राहतो, नायलॉनपर्यंत आटा पोचतच नाही. वरून बघितलं तर चाक घट्ट. पाच मिनिटं चालवलं की नट गवतात. उलट भिंत पातळ असली तर नट आटे संपतात तिथे जाऊन अडतो. पाना म्हणतो घट्ट झालं, पण चाक खुळखुळतंय. म्हणून नट आवळल्यावर दोन गोष्टी बघायच्या: नायलॉनच्या बाहेर एक-दोन आटे दिसले पाहिजेत, आणि चाक धरून आत-बाहेर ओढलं तर हललं नाही पाहिजे. हललं तर पातळ वॉशर टाका. मी असं सगळं बघत बसलो की शेजारचा वेल्डिंगवाला ओरडतो, “कायले इतकं पाहून राह्यला बे, बसलं ना!” बसलं, हे खरंय.

पुढचं माप लोक घेतच नाहीत, ते म्हणजे ऑफसेट, हेक्सपासून चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते. चाक पालथं करून फरशीवर ठेवा, आतली कड वर. कडेवर एक सपाट पट्टी आडवी ठेवा आणि व्हर्निअरच्या मागून निघणाऱ्या काडीने पट्टीपासून हेक्स टेकतो त्या तळापर्यंतची खोली मोजा. हेच जुन्या चाकावर करा. समजा जुन्यात १४ आलं आणि नव्यात ९. म्हणजे नवीन चाक ५ मिमी बाहेर जाणार, दोन्ही बाजू मिळून गाडी १० मिमी रुंद होणार. कधी नागपूर-पुण्याला रेसला गेलात तर लक्षात ठेवा, १/१० बगीला २५० मिमीच्या पुढे रुंदी चालत नाही. पण आपल्या वावरात रुंदी मोजायला कोणी येत नाही, त्रास वेगळाच होतो. भरलेलं घमेलं अंगाला लावून धरा आणि मग हात लांब करून धरा. घमेलं तेच, पण खांदा बोंबलतो. इथे खांदा म्हणजे ॲक्सलचं बेअरिंग, नकल (ते बेअरिंग धरणारा तुकडा) आणि पुढच्या चाकांना सर्वो. चाक जेवढं बाहेर, तेवढा ढेकळावर आपटल्यावर स्टिअरिंगला झटका जास्त. सर्वोचा दात गेला की लोक सर्वोला शिव्या देतात.

उलट चाक आत आलं तर ते आर्मला (चाक धरणाऱ्या खालच्या हाताला) किंवा टायरॉडला (स्टिअरिंगच्या दांडीला) घासतं. हे टेबलावर दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे करून, गाडी हाताने दाबून, मग पूर्ण उजवीकडे करून परत दाबून बघायचं. हेक्स वेगवेगळ्या जाडीचे मिळतात, त्याने दोन-तीन मिमीचा फरक निघतो. त्यापेक्षा जास्त फरक असेल तर ते चाक आपलं नाही.

आणि आता व्यास. तुमच्या मित्राच्या चाकांची खरी अडचण इथे आहे.

१/१० बगीचा टायर साधारण ८५ मिमी व्यासाचा, शॉर्ट कोर्सचा जवळपास १०९. परीघ काढा: ८५ चा २६७ मिमी, १०९ चा ३४२. म्हणजे मोटरच्या त्याच फेऱ्यांत गाडी २८ टक्के जास्त पुढे जाणार. ऐकायला छान. पण हे मोटरला एक गिअर वर टाकून चढावर चालवायला लावल्यासारखं आहे. करंट वाढतो, मोटर तापते, ईएससी (मोटरला करंट देणारा कंट्रोलर) तापतो. भरपाई करायची तर पिनियन त्याच प्रमाणात लहान हवं. २६ दातांचं असेल तर २० चं. सहा दात कमी झाले की ०.६ मॉड्यूलच्या (मॉड्यूल म्हणजे दाताच्या मापाचा आकडा) गिअरला मोटर १.८ मिमी जवळ सरकवावी लागते. तुमच्या मोटर माउंटच्या खाचेत तेवढी जागा आहे का, ते आधी बघा. काही गाड्यांत खाच नसतेच, दोन-तीन ठरलेली भोकं असतात.

आपल्याकडे उन्हाचा हिशेब वेगळा धरावा लागतो. मी मोटर ७० अंशांवर गेली की थांबतो. डिसेंबरात सकाळी हवा २० अंश असते, म्हणजे मोटरला तापायला ५० अंशांची मुभा. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पाचलाही ४२-४३ असतं, म्हणजे मुभा २७-२८ अंशांची. तीच गाडी, तेच पिनियन, जानेवारीत चाललं म्हणून मेमध्ये चालेल असं नाही. उन्हाळ्यात मी सरळ दोन दात कमी करतो. तापमान बघायला कोरोनातली कपाळावरची बंदूक चालते, फक्त तिला शरीराच्या मोडवरून सरफेसच्या मोडवर न्या, नाहीतर ४२-४३ च्या पुढे ती नुसतं ‘हाय’ दाखवत बसते.

व्यासाचं आणखी एक, आणि तुमची गाडी फोर व्हील आहे म्हणून हे जास्त महत्त्वाचं. फक्त मागची दोन चाकं मोठी टाकायचा विचार मनात आणू नका. फोर व्हील मिनी ट्रॅक्टर असलेला कोणीही सांगेल: पुढचा टायर कंपनीने दिलेल्या साइजचाच लागतो. भलता टाकून फोर व्हील लावून डांबरावर चालवला की पुढचे टायर खुरपल्यासारखे झिजतात आणि गिअरबॉक्स कण्हतो, कारण पुढचा ॲक्सल आणि मागचा ॲक्सल दोघे वेगवेगळं अंतर कापायला बघतात आणि मधे सैल सोडणारं काही नसतं. तुमच्या बगीत मधल्या शाफ्टवर सेंटर डिफ नसेल तर हेच होणार. मऊ मातीत चाक घसरून सुटका करून घेतं. बाजार समितीच्या ओट्यावर किंवा सिमेंट रोडवर सुटका नाही, ती ओढाताण डॉगबोन आणि डिफच्या दातांत जाते. नवे टायर दोन आणि जुने टकले दोन एवढा फरक मातीत चालतो. सिमेंटवर तोही नको.

हे सगळं शहाणपण मला मोफत मिळालेलं नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी एकाने १/८ बगीची चार चाकं जवळजवळ फुकट दिली. माझ्याकडे लेथ, हाताला खाज. ॲल्युमिनियमच्या बारमधून १२ वरून १७ करणारे चार ॲडॉप्टर काढले. काम इतकं सुबक झालं की मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. गाडी उंच झाली, धुऱ्यावरून सरसर चढायला लागली, जिथे आधी पोट टेकायचं तिथून उड्या. पहिला अर्धा तास मी राजा होतो. मग एका उडीत चाकं हवेत पूर्ण वेगाने फिरत असताना गाडी खाली आली, मातीने चाकं एकदम पकडली आणि आतून ‘टर्र’ आवाज आला. घरी येऊन मागचा डिफ उघडला. त्याच्या आतल्या पिनियनचे दात आंब्याच्या कोयीसारखे गुळगुळीत आणि ग्रीसमध्ये चांदीचा भुगा. एक डॉगबोन वाकलेला. ॲडॉप्टरला मात्र एक ओरखडा नाही. मी शिअर बोल्टच्या जागी कडक बोल्ट टाकला होता.

नंतर काट्यावर ठेवलं. जुनं चाक टायरसकट ७० ग्रॅम, नवीन १६५. फिरणाऱ्या वस्तूत वजनापेक्षा ते वजन मध्यापासून किती लांब आहे याचा मार जास्त, अंतर दुप्पट तर मार चौपट. वजन सव्वादोन पटीच्या वर, व्यास ८५ चा ११२, दोन्ही मिळून त्या चाकाला थांबवायला-पळवायला चौपट जोर लागत होता. तो जोर देणारा डिफ १/१० चाच होता. शॉर्ट कोर्सची चाकं एवढी भारी नसतात, पण दिशा तीच.

आता चाकाबाहेरचे भाग, जरा भरभर.

स्क्रू: अमेरिकन जुन्या गाड्या इंचाच्या. टीम असोसिएटेड या कंपनीची आरसी१० बगी १९८४ ला आली, तेव्हापासून बी४ या मॉडेलपर्यंत त्यांचे स्क्रू इंचातच, बी५ पासून मेट्रिक. तामिया आणि चिनी गाड्या मेट्रिकच. सेकंडहँड आर्म, शॉक टॉवर वगैरे घेताना ४-४० चा (इंची मापाचा) स्क्रू सोबत आला तर जपून. तो २.८४ मिमीचा, आपला ३ मिमीचा, डोळ्याला फरक दिसत नाही. आट्यांमधलं अंतर ०.६३५ आणि ०.५. तिसऱ्या फेऱ्याला हाताला जड लागतं. तिथेच थांबायचं. ॲलन कीचंही तेच. १/१६ इंच म्हणजे १.५९, त्यात १.५ ची की टाकून जोर लावला की स्क्रूचं डोकं गोल. मग तो स्क्रू काढायला लोक माझ्याकडे येतात आणि मी ड्रिल मारतो.

पिनियन-स्पर: दातांचं माप एकच हवं, यात तडजोड नाही. ४८ पिच म्हणजे एका इंच व्यासाला ४८ दात, म्हणजे २५.४ भागिले ४८, ०.५२९ मॉड्यूल. तामियाच्या टीटी-०२बी सारख्या गाड्यांत ०.६ असतं. ही दोन्ही बोटांनी एकमेकांवर फिरवली तर फिरतात, म्हणून फसायला होतं. गाडीत टाकली की शिट्टीसारखा आवाज येतो आणि दोन बॅटऱ्यांत स्परचं पीठ. पुडक्यावर माप लिहिलेलं नसेल तर जुनं आणि नवं पिनियन पाठीला पाठ लावून एकाच काडीवर ओवा आणि उजेडाकडे धरून दाताला दात लागतो का बघा, अर्थात दोन्हीच्या दातांची संख्या सारखी असेल तरच. बसवताना दोन गिअरमधे वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबायची, आवळायची आणि पट्टी फिरवून काढायची. तेवढी फट पुरते. मोटरचा शाफ्ट ५४० ला ३.१७ मिमी, मोठ्या मोटरांना ५, पिनियनचं भोक तेवढंच बघा.

सर्वो: बॉडी बहुतेक बसते, भांडण हॉर्नचं, म्हणजे सर्वोच्या दातेरी शाफ्टवर बसणाऱ्या हाताचं. फुटाबाच्या पद्धतीत २५ दात, हायटेकच्या २४, जेआर-सान्वा-केओच्या २३. २४ चा हॉर्न २५ वर दाबून बसवता येतो आणि आठ दिवस चालतोही. मग स्टिअरिंग आपोआप एका बाजूला ओढायला लागतं आणि तुम्ही रिमोटवरचं ट्रिम (स्टिअरिंग सरळ करायचं बटण) फिरवत बसता. ताकदीचा सर्वो टाकाल तर तो ईएससीतून जास्त करंट ओढतो. वळताना गाडी क्षणभर मेल्यासारखी झाली तर सर्वो खराब नाही, त्याला पुरत नाही.

शॉक: दोन्ही टोकांच्या डोळ्यांमधली (स्क्रूच्या भोकांमधली) लांबी मोजा, पूर्ण ताणलेली आणि पूर्ण दाबलेली. लोक फक्त सुंदर दिसतात म्हणून लांब शॉक टाकतात. ताणलेली लांबी चार-पाच मिमीने जरी वाढली तरी आर्म जास्त खाली लोंबतो आणि उडीत डॉगबोन कपातून (त्याचं टोक बसतं त्या वाटीतून) निसटतो. मग परत येताना तो कपाच्या ओठावर बसतो आणि ओठ तोडतो. लांब शॉकच टाकायचे असतील तर आत दांड्यावर तेवढ्या जाडीचे स्पेसर घाला. तेलावर ‘वेट’चा आकडा असतो, पण एका कंपनीचं ३० दुसऱ्याच्या ३० इतकंच असेल असं नाही. सीएसटीचा (तेलाच्या घट्टपणाच्या मापाचा) आकडा बघा, असोसिएटेडचं ३० म्हणजे ३५०. उन्हाळ्यात तेल पातळ होतं, मी एक पायरी जाड भरतो.

बेअरिंग या सगळ्यांत सोपी. आतलं, बाहेरचं आणि जाडी ही तीन मापं जुळली, उदाहरणार्थ ५-११-४, तर कंपनी कुठलीही असो. फक्त एक. आम्ही एकदा जिनिंगच्या अंगणात चालवली, सिमेंट मोठं सपाट म्हणून. संध्याकाळी एक चाक हाताने फिरेना. काढलं तर हेक्सच्या मागे ॲक्सलला कापसाची वात वळून बसली होती, निरांजनाला लावावी तशी, आणि तिने बेअरिंगचं सील आत ढकललं होतं. कापसाच्या हंगामात चाक काढून तिथे बघत जा. पऱ्हाटीची धसकटं असतील त्या वावरात तर चालवूच नका, ती टायरच्या बाजूत घुसतात.

मग तुमच्या गाडीचं काय करायचं. तुमच्या लिहिण्यावरून चारपैकी तीन रिम चांगले आहेत. म्हणजे तुम्हाला हवेत दोन टायर आणि एक रिम, चार चाकं नाही. रिमवर टायरची कड बसते तिथला व्यास मोजा. साधारण ५६ मिमी आला तर ते २.२ इंची आहे आणि कुठल्याही कंपनीचा २.२ चा बगी टायर चढेल. काही स्वस्त गाड्यांत हे माप थोडं वेगळं असतं, म्हणून मोजा म्हणतोय. मागचे टायर टू व्हील आणि फोर व्हीलला बहुधा एकच असतात, पुढचे मात्र नाही. टू व्हीलचा पुढचा टायर अरुंद, तो तुमच्या पुढच्या रिमवर बसणार नाही. शॉर्ट कोर्सच्या रिमची एक कड २.२ ची आणि एक ३ इंचाची असते, त्यामुळे त्या रिमवर बगीचा टायर चढवायची कल्पनाही सोडा.

जुना टायर काढायला चाक उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, डिंक बराच सुटतो, राहिलेला हळूहळू सोलायचा. घरच्या पातेल्यात करू नका, मी एकदा केलं आणि आठ दिवस चहाला रबराचा वास. नवीन चिकटवताना रिमची कड पॉलिश पेपरने खरखरीत करा, स्पिरिटने पुसा, टायर चढवा, सायकलच्या ट्यूबची दोन बोटं रुंद रिंग कापून वरून ताणून बसवा, म्हणजे कड दाबून राहते. मग फेविक्विकचे बारीक थेंब, चार ठिकाणी आधी, सुकल्यावर गोल. टायरला मधोमध एक-दोन बारीक भोकं पाडा, हवा निघायला. रिमला असलेली भोकं टेपने बंद करा, नाहीतर काळ्या मातीची धूळ आत जाऊन टायरमधला फोम सिमेंट होतो.

पॅटर्न तुम्ही विचारला नाही, पण टायर घेणारच आहात तर: सुक्या भेगाळ काळ्या मातीत दाट बारीक पिनांचा बरा, मुरमावर त्याच पिना महिनाभरात उडतात, तिथे जाड गोट्यांचा. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीत कुठलाही टायर चालत नाही. चाकाला माती लागून ते भाकरीच्या गोळ्यासारखं होतं, तेव्हा त्या दिवशी घरीच बसायचं.

रिम एकच लागतोय तरी दोन घ्या, मागच्या जोडीला एकाच ऑफसेटचे हवेत. ते दुसऱ्या कंपनीचे चालतील, १२ मिमी हेक्स, २.२, मागच्या बगीचे, आणि वर सांगितलेली ऑफसेटची खोली जुन्याच्या एक मिमीत. हेक्सही नवीन टाका. गोल झालेल्या रिमात फिरलेल्या हेक्सचे कोपरे मऊ झालेले असतात आणि तो नवीन रिमही खातो.

आणि तरी तुम्ही मित्राची चाकं टाकणारच असाल, कारण घरात पडून आहेत म्हटल्यावर हात राहत नाही हे मला माहीत आहे, तर चारही टाका, पिनियन २० च्या आसपास आणा, बॉडी कुठे घासते ते बघून कापा, नांगरलेल्या मऊ वावरातच चालवा, उड्या मारू नका आणि दर पाच मिनिटांनी मोटरला हात लावा.

मापं घेतलीत की इथेच टाका: हेक्स सपाट बाजूंवर, रिमच्या कडेचा व्यास, ऑफसेटची खोली आणि मोटर कुठली ते. खोली लिहायला बहुतेक जण विसरतात आणि मग मला परत विचारावं लागतं. रिम कुठेच मिळाला नाही तर जुना रिम पार्सल करा. गोल झालेला मधला भाग बोअर करून त्यात नायलॉनच्या रॉडमधून काढलेला १२ चा हेक्स-बुश दाबून देता येतो, मी दोन जणांना करून दिलाय. ॲल्युमिनियमचा मागू नका, तो मी आता काढत नाही.